आमटी पातळ का झाली? : इंजिनाच्या पिवळ्या दिव्याची गोष्ट

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे घरी आईशी आणि हॉस्टेलवर मेसच्या मावशींशी बोलण्यापुरतं. ऱ्हस्व-दीर्घ तर मी अंदाजपंचेच देते. कविता मला जमत नाही, आणि प्रवासवर्णन लिहावं तर हॉस्टेल ते घर एवढाच माझा प्रवास! पण त्याच प्रवासात गेल्या दिवाळीत एक भानगड झाली. त्यातून मी जे शिकले ते चार सेमिस्टरच्या सबमिशनमधून शिकले नव्हते. म्हणून तेच लिहिते. मेकॅनिकलवाल्यांना यातलं थोडंफार माहीत असेल, त्यांनी सांभाळून घ्यावं. बाकीच्यांनी मात्र जरूर वाचावं, कारण गाडी आज घरी नसली तरी कधी ना कधी येणारच आहे.

घाटातला दिवा

दिवाळीच्या सुट्टीला बाबा मला न्यायला पुण्याला आले होते. आमची गाडी २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी आणि सेकंडहँड घेतलेली. बाबा शेतीच्या पंपांचे सुटे भाग तालुक्यातल्या दुकानांना पुरवतात. त्यामुळे आमच्याकडे गाडी बंद म्हणजे धंदा बंद.

खंबाटकी घाटात दिवाळीचा नेहमीचा ट्रॅफिक जॅम लागला होता. गाडी दहा फूट पुढे जायची आणि पाच मिनिटं थांबायची. तेवढ्यात डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. शेवटी मी थर्ड इयर मेकॅनिकलची ना!

"बाबा, हा चेक इंजिन लाइट आहे," मी रुबाबात सांगितलं.

"ते मलापण दिसतंय. पण झालंय काय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हायवाला सर आपण नेमका ऑप्शनला टाकलेला चॅप्टर विचारतात, तेव्हा जसा चेहरा होतो तसा माझा झाला.

साताऱ्यात दुसऱ्या दिवशी एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, पी ०१७१ असा कोड आला. "मिश्रण लीन आहे, ऑक्सिजन सेन्सर गेलाय," असं सांगून त्यांनी सेन्सर बदलला. बिल झालं सहा हजार. दिवा गेला. भाऊबीजेच्या आत परत आला! पुन्हा वर्कशॉप. आता निदान निघालं फ्युएल पंपाचं, खर्च चौदा हजार. बाबा लगेच "बदला" म्हणणार होते, कारण पुढच्या आठवड्यात त्यांना माल पोचवायचा होता. त्या रात्री आई स्वयंपाकघरात हळूच बाबांना म्हणाली, "मग हिच्या हॉस्टेलचा हप्ता पुढच्या महिन्यात भरू या का?" मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलली होती. पण ऐकू आलंच.

हा दिवा मुळात आहे कशासाठी?

आपल्याला वाटतं की हा दिवा इंजिनाच्या काळजीपोटी लावलाय. खरं म्हणजे तो आपल्या फुप्फुसांच्या काळजीपोटी लावलाय.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात १९४० च्या दशकात डोळे झोंबवणारं धुरकं पसरायला लागलं. हागेन-स्मिट नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरातले वायू आणि ऊन यांच्या प्रक्रियेतून हे धुरकं तयार होतं. पुढे कॅलिफोर्नियाने गाड्यांच्या धुरावर कडक नियम आणले. पण एक अडचण राहिली. नवी गाडी कारखान्यातून स्वच्छ बाहेर पडते, पाच वर्षांनी तिचं काय होतं हे कोण बघणार? म्हणून नियम आला की गाडीनेच स्वतःची तपासणी करत राहायची आणि बिघाड दिसला की दिवा लावायचा. यालाच ऑन बोर्ड डायग्नॉस्टिक्स किंवा ओबीडी म्हणतात. कॅलिफोर्नियात पहिली साधी ओबीडी १९८८ च्या मॉडेल्सपासून आली आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या कार्सना ओबीडी-२ सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांना हा नियम २००१ पासून लागला. आपल्याकडे भारत स्टेज-४ च्या नियमांत चारचाकींसाठी ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० ला आणि दुसरा एप्रिल २०१३ ला आला. म्हणजे आमची २०१४ ची गाडी दुसऱ्या टप्प्यातली. आता २०२० पासून भारत स्टेज-६ आहे आणि मोटरसायकल-स्कूटरवरही हा दिवा आलाय.

ओबीडी-२ चा मोठा फायदा म्हणजे सगळ्या कंपन्यांची भाषा एक झाली. ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डच्या खाली वाकून बघा. तिथे १६ पिनांचं एक सॉकेट दिसेल. त्याला स्कॅनर लावला की गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, आपल्याशी बोलायला लागतो.

कोड कसा वाचायचा?

कोडमध्ये एक अक्षर आणि चार आकडे असतात. आपल्या सीट नंबरसारखंच, प्रत्येक जागेला अर्थ आहे.

पहिलं अक्षर पी असेल तर बिघाड इंजिन किंवा गिअरबॉक्सकडचा. बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चॅसी आणि यू म्हणजे कॉम्प्युटर्सच्या आपापसातल्या बोलण्यातला. त्यानंतर ० आला तर कोड सर्व कंपन्यांना सारखा, १ आला तर त्या कंपनीचा खास. तिसऱ्या जागेवरून विभाग कळतो. पी-० च्या कोडमध्ये १ आणि २ हे इंधन व हवेचे, ३ इग्निशन आणि मिसफायरचा, ४ प्रदूषण नियंत्रणाचा. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार सांगतात. म्हणून पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी ०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम मर्यादेपेक्षा कमी, आणि आमचा पी ०१७१ म्हणजे मिश्रण फार पातळ, बँक १. बँक १ म्हणजे इंजिनाची ज्या बाजूला पहिला सिलिंडर आहे ती बाजू. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत सगळे सिलिंडर एकाच रांगेत असतात, त्यामुळे बँक एकच.

आता महत्त्वाची गोष्ट. पी ०१७१ मध्ये "सेन्सर गेला" असं कुठे लिहिलंय का? "पंप बदला" असं लिहिलंय का? नाही! ईसीयूला काय दिसलं एवढंच त्यात आहे. का झालं ते नाही. पण आपण कोड वाचतो आणि थेट पार्टच्या दुकानात जातो. वर्कशॉपवाल्यांनी आम्हाला फसवलं असंही मला वाटत नाही. लीन कोड आला की ज्या गोष्टी असू शकतात त्या यादीत सेन्सरही आहे आणि पंपही आहे. फक्त त्यांनी यादीतून एकेक बदलून बघायचं ठरवलं होतं. आमच्या पैशाने!

मेसच्या आमटीची थिअरी

पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते. हवा यापेक्षा जास्त झाली की मिश्रण लीन, म्हणजे पातळ. आता हे आपल्या मेसच्या भाषेत सांगते.

समजा आज आमटी पातळ झाली. (समजा कशाला, रोजच होते.) कारणं किती? एक, पाणी जास्त पडलं. दोन, डाळ कमी पडली. तीन, आमटी ठीक आहे पण चव बघणाऱ्याचं तोंड आलंय. "आमटी पातळ आहे" ही तक्रार तिन्ही वेळा सारखीच. पण उपाय तीन वेगवेगळे.

इंजिनात पाणी म्हणजे हवा आणि डाळ म्हणजे पेट्रोल. चव बघणारा म्हणजे धुराच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर. आमच्या गाडीतला नेहमीच्या झिर्कोनियाच्या प्रकारचा आहे. तो साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला की काम करतो आणि ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सिग्नल देतो. ०.४५ च्या खाली म्हणजे पातळ, वर म्हणजे दाट. ईसीयू ते बघून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ती टक्क्यांत मोजतात. ताबडतोबीची शॉर्ट टर्म, सवयीची लाँग टर्म. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक. ईसीयूला २० ते २५ टक्के जादा पेट्रोल घालूनही चव जमली नाही, की तो हात टेकतो आणि पी ०१७१ लिहून दिवा लावतो.

माझी चूक

हॉस्टेलवर आम्ही चौघींनी वर्गणी काढून नऊशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर घेतला होता. मोबाइलवर सगळे आकडे दिसतात. तो माझ्या बॅगेतच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऐटीत तो गाडीला लावला, कोड वाचला आणि "क्लिअर" दाबलं. दिवा गुल! बाबा खूश. आईने चकलीचा डबा माझ्यासमोर ठेवला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मुलगी इंजिनिअर झाली हो!"

तिसऱ्या दिवशी दिवा परत हजर.

मी केलं काय होतं ते मला नंतर कळलं. कोड लिहिताना ईसीयू त्या क्षणाचा एक फोटो काढून ठेवतो. गाडीचा वेग किती, आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं, ट्रिम किती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. पोलीस पंचनामा करतात तसंच. "क्लिअर" दाबलं की कोडबरोबर हा पंचनामाही पुसला जातो. म्हणजे मी चोर पकडायच्या ऐवजी त्याचे ठसे पुसून टाकले होते आणि वर चकली खाल्ली होती!

दिवा परत यायला तीन दिवस का लागले, याचंही कारण आहे. बरेचसे बिघाड ईसीयू पहिल्याच वेळी जाहीर करत नाही. पहिल्यांदा तो फक्त "पेंडिंग" नोंद करतो. पुढच्या फेरीतही तेच दिसलं तरच दिवा लावतो. त्यामुळे कोड पुसल्यावर दिवा लगेच आला नाही, तर काम झालं असं समजू नका.

आता नीट तपासणी

या वेळी मी काही पुसलं नाही. वही घेतली आणि आधी फ्रीझ फ्रेम लिहून काढली. वेग ०, आरपीएम ७६०, इंजिन गरम. म्हणजे गाडी उभी असताना कोड आला होता. घाटातही गाडी जॅममध्ये उभीच होती, हे तेव्हा मला आठवलं.

मग इंजिन चालू ठेवून ट्रिमची बेरीज बघितली. आयडलला अधिक २३ टक्के. बाबांना ॲक्सिलरेटर दाबून २५०० आरपीएम धरायला सांगितलं. ट्रिम हळूहळू उतरून अधिक ५ वर आली. परत सोडला, परत २३.

मग परत आमटी. समजा फुटक्या नळातून पातेल्यात सतत एक भांडं पाणी जादा पडतंय. पाच जणांच्या आमटीचं त्याने वाटोळं होईल. पण दोनशे जणांच्या पातेल्यात एक भांडं पाणी कळणारही नाही. उलट डाळवालाच माल कमी देत असेल, तर जितकी माणसं जास्त तितकी आमटी जास्त पातळ होईल. म्हणजे आयडलला ट्रिम जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर कमी, तर संशय हवेच्या गळतीवर. लोड वाढेल तशी ट्रिमही वाढत गेली तर संशय फ्युएल पंपावर, फिल्टरवर किंवा हवा मोजणाऱ्या मळलेल्या सेन्सरवर. चव बघणारा तर आम्ही आधीच नवा आणला होता, आणि तोही तेच सांगत होता. म्हणजे तोंड ठीक होतं, आमटीच पातळ होती. पंपाचे चौदा हजार वाया गेले असते.

एक खुलासा इथे केला पाहिजे. ही युक्ती ज्या गाडीत येणारी हवा एमएएफ सेन्सर मोजतो तिथे चालते. मोजणी झाल्यानंतर फटीतून आत शिरलेल्या हवेचा त्याला पत्ता नसतो. पण बऱ्याच छोट्या गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तिथे गळतीची हवाही हिशेबात धरली जाते, त्यामुळे ट्रिमपेक्षा आयडल आरपीएमच वाढलेला दिसतो. आपल्या गाडीत काय आहे ते आधी बघा.

वही घेऊन आम्ही बाबांच्या जुन्या ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. त्यांच्याकडे स्कॅनर नाही. मी आकडे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक हातभर रबरी नळी आणली. एक टोक कानाला, दुसरं इंजिनावर फिरवायला. डॉक्टरच! पट्टा आणि पंख्यापासून नळी लांब धरायची, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली एका जागी ते थांबले.

"पोरी, हे ऐक."

मी कान लावला. बारीक सुसू आवाज येत होता. क्रँककेसमधून मॅनिफोल्डकडे जाणारी ब्रीदर नळी वळणावर, खालच्या बाजूने चिरली होती. वरून बघितलं तर एकदम ठणठणीत! नवी नळी दोनशे चाळीस रुपये. काकांनी मजुरी घ्यायला नकार दिला, तेव्हा आईने फराळ पाठवला.

नळी बदलल्यावर थोडं चालवून परत बघितलं. ट्रिम अधिक ३. तरीही मी कोड पुसला नाही. बाबा म्हणाले, "आता तर पूस की!" म्हटलं, "नाही बाबा, त्याचं त्यालाच कळू दे." तपासणी झालेल्या सलग तीन फेऱ्यांत तो बिघाड दिसला नाही की ईसीयू दिवा आपणहून बंद करतो. चौथ्या दिवशी बाबा मालाची फेरी करून आले आणि दारातूनच ओरडले, "अगं, गेला!" त्या दोन शब्दांनी मला फर्स्ट क्लास मिळाल्यापेक्षा जास्त आनंद झाला. आणि हो, हॉस्टेलचा हप्ता वेळेवर भरला गेला.

लक्षात ठेवायच्या चार गोष्टी

१. लाल दिवा, म्हणजे ऑइलचा किंवा तापमानाचा, लागला तर गाडी सुरक्षित जागी ताबडतोब थांबवा, इंजिन बंद करा. पिवळा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर घाबरू नका, पण लवकर दाखवा.

२. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर मात्र थांबा. याचा अर्थ जोरदार मिसफायर होतोय. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो खराब होतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात, म्हणजे बिलाची कल्पना करा!

३. पुसायच्या आधी लिहा. कोड, फ्रीझ फ्रेम, ट्रिम. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल.

४. पार्ट बदलायच्या आधी अदलाबदल करून बघा. उदाहरणार्थ पी ०३०१ आला आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर इंजिन बंद करून पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल बदलून लावा. मग कोड पी ०३०३ झाला तर दोष कॉइलचा. तो पी ०३०१ च राहिला तर प्लग, इंजेक्टर वगैरे बघा. खर्च शून्य!

शेवटी एवढंच सांगते. आपल्या मार्कशीटवर "के.टी." लागते तेव्हा घरचे विचारतात, "अभ्यास केला नाहीस का?" आपण म्हणतो, कारण वेगळं होतं, कुणी विचारलंच नाही! गाडीचंही तसंच आहे. कोड ही मार्कशीट आहे. कारण पुढे जाऊन विचारावं लागतं.

आता बाबांचा दर रविवारी फोन येतो. आधी जेवलीस का, मग अभ्यास, आणि मग हमखास, "अगं, आज ट्रिम अधिक दोन होती, चालेल ना?" त्यांनी स्वतःचा स्कॅनर घेतलाय!

आमचा स्कॅनर मात्र लेडीज हॉस्टेलवरच आहे. सरांपैकी किंवा मॅडमपैकी कुणाच्या गाडीचा दिवा लागला असेल तर जरूर सांगा, आम्ही चौघी येऊन बघू. फी नाही, फक्त मेसबाहेरचा चहा. आणि एकच अट, आम्ही यायच्या आधी कोड पुसायचा नाही!